मरळ : शिकार, दडण आणि पिल्लांची राखण

मृगाच्या सरी पडून नाल्यांना नवे पाणी आले की काटोल तालुक्यातील पाझर तलावांच्या आणि जाम नदीच्या डोहांच्या उथळ कडेला एक दृश्य लक्षपूर्वक पाहणाऱ्यास आढळते. गवताच्या आडोशाला, संथ पाण्यावर, परातीएवढे एक तांबूस-नारिंगी ठिगळ हलत असते. माणसाची चाहूल लागताच ते खाली जाते आणि थोड्याच वेळात पुन्हा वर येते. वर येताना त्या जागी बारीक पाऊस पडावा तसे पाणी खळबळते. हे ठिगळ म्हणजे मरळीच्या पिल्लांचा थवा होय. त्याच्या खाली हात-दीड हातावर पिल्लांचा बाप, पुष्कळदा आईसुद्धा, पहाऱ्यावर उभी असते.

नेमक्या याच दिवसांत मरळ मारण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. थव्याच्या मध्यभागी भाला मारतात किंवा बेडकी लावलेला गळ सोडतात. एरवी जो मासा दिवसभर बसूनही गळाला लागत नाही, तो पिल्लांपाशी असताना समोर येईल त्यावर धावून जातो व हमखास सापडतो. अशा रीतीने किलो-दीड किलोचा एक मासा हाती लागतो खरा. परंतु राखणदार गेल्यावर हजारो पिल्ले थोड्याच दिवसांत इतर मासे, बेडूक, पाणकिडे व बगळे यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. पुढील दोन वर्षांचे पीक एका संध्याकाळी कापून टाकण्यासारखा हा व्यवहार आहे. मरळीचे जीवन कसे चालते हे समजले म्हणजे तिला केव्हा धरावी आणि केव्हा सोडावी हे निराळे सांगण्याची गरज राहत नाही.

ओळख

मरळीचे अंग दंडासारखे गोल व लांबट असते. डोके चपटे असून त्यावर मोठमोठे खवले असतात, त्यामुळे ते सापाच्या डोक्यासारखे दिसते. १७९३ साली ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने या माशाचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याने कुळाला दिलेल्या नावाचा अर्थही ‘सर्पमस्तक’ असाच होता. पाठीवरचा पर मानेमागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत जातो आणि त्यात एकही काटा नसतो. पाठ काळपट-हिरवी, पोट पांढरे, आणि दोहोंच्या मध्ये बाजूवर तिरपे काळे पट्टे असतात. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा डोळा असेल तर ती मोठ्या जातीची मरळ समजावी; तिचे वर्णन हॅमिल्टन याने १८२२ मध्ये केले. ती हातभराहूनही लांब होते आणि मोठ्या नद्यांच्या व जलाशयांच्या खोल पाण्यात राहते. ओढ्यानाल्यांत सापडणारी वीतभर ‘डोक’ ही याच कुळातील धाकटी जात आहे. प्रस्तुत लेखातील माहिती मुख्यतः पट्टेरी मरळीविषयी आहे, कारण गावतळ्यांत शेतकऱ्याची गाठ तिच्याशीच पडते.

पाण्यात राहून हवेवर जगणारा मासा

इतर मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात. मरळीलाही कल्ले आहेत, पण ते तिला पुरत नाहीत. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस डोक्यात दोन पोकळ्या असून त्यांचे अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. मरळ ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येते, तोंड उघडून हवेचा घोट घेते आणि या पोकळ्यांत साठवून पुन्हा खाली जाते. हवेवर जगणाऱ्या भारतीय माशांच्या राहणीचा व त्यांच्या श्वसनेंद्रियांचा विस्तृत अभ्यास बी. के. दास यांनी १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता.

या रचनेचा परिणाम विलक्षण आहे. मरळीला पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर ती चांगल्या स्वच्छ पाण्यातही गुदमरून मरते. खोल लावलेल्या जाळ्यात सकाळी मेलेली मरळ सापडते, ती याच कारणाने. उलट, उन्हाळ्यात पाणी आटून हिरवे-काळे झाले, रोहू-कटला तोंड वर काढून तडफडू लागले, तरी मरळ स्वस्थ असते. अंग ओले राहिले तर ती पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहते. बाजारात ती ओल्या पोत्यात किंवा घमेल्यातील चार बोटे पाण्यात जिवंत विकली जाते आणि म्हणूनच भाव अधिक मिळवते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री ओल्या धुऱ्यावरून किंवा बांधावरून सरपटत जाणारी मरळही काहींनी पाहिली असेल. अंगाला वळसे देत, परांचा आधार घेत ती एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. काल कोरड्या असलेल्या खड्ड्यात आज मासा कसा आला याचे नवल वाटून ‘मासे पावसातून पडतात’ अशी समजूत रूढ झाली आहे. मासा पडलेला नसतो. तो नाल्याच्या पाण्याने चढून किंवा ओल्या जमिनीवरून चालून आलेला असतो, अथवा मुळात तेथेच गाळात असतो.

दडण

काळ्या जमिनीतील तळी वैशाखात आटू लागली की मरळ तळाच्या मऊ गाळात शिरते. पाणी असेतो तोंड वर काढून श्वास घेता येईल एवढी वाट ती ठेवते. पाणी संपल्यावर ओलसर गाळात, अंगातील चरबीवर, पाऊस येईपर्यंत पडून राहते. मात्र यालाही सीमा आहे. गाळ खोलवर वाळून भेगा पडल्या आणि अंगाचा ओलावा गेला की ती मरते. तळ्यातील मरळ मुळासकट काढावयाची असेल तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

एरवीच्या दिवसांत तिचे दडण म्हणजे काठचे गवत, लव्हाळे, पाणकणीस, शिंगाड्याची व कमळाची पाने, पाण्यात पडलेली बाभळीची फांदी, बेशरमीच्या झुडपांची पाण्यात उतरलेली खोडे. पट्टेरी काळपट अंग सावलीत इतके मिसळून जाते की हातभर अंतरावरची मरळ दिसत नाही. उघड्या पाण्यात ती क्वचितच थांबते.

शिकार

मरळ पाठलाग करून शिकार करीत नाही. ती वाट पाहते. दडणीत स्थिर राहून केवळ छातीचे पर हळूहळू हलवीत ती तोल सांभाळते. शेपटी किंचित वळलेली, ताणलेल्या धनुष्यासारखी असते. लहान मासा, झिंगा किंवा बेडकाचे पिल्लू टप्प्यात आले की सगळे अंग एकदम सरळ होते आणि ती बाणासारखी सुटते. त्याच क्षणी जबडा मोठा उघडून तोंडात पाणी ओढले जाते व पाण्याबरोबर भक्ष्यही आत जाते. जबड्यातील आणि टाळूवरील टोकदार दात चावण्यासाठी नसून निसटू न देण्यासाठी आहेत. भक्ष्य ती अखंडच गिळते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते व मरळ पुन्हा आपल्या जागी जाऊन थांबते.

शिकारीची मुख्य वेळ तिन्हीसांज, पहाट आणि रात्र. तिची नजर तीक्ष्ण असते. काठावरील माणसाची सावली पाण्यावर पडली तरी ती हलते. लहान मासे, झिंगे, बेडूक व त्यांची पिल्ले, पाणकिडे आणि त्यांच्या अळ्या हा तिचा आहार. स्वतःच्या जातीची लहान पिल्लेही तिला वर्ज्य नाहीत. म्हणजे जी मरळ आपल्या पिल्लांसाठी जिवावर उदार होते तीच दुसरीची पिल्ले खाते.

घरटे, अंडी आणि पहारा

येथून पुढील भाग ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण गावकऱ्यांना समजावून सांगण्याजोगे बरेचसे यातच आहे.

आपल्याकडे मरळीच्या विणीला मृग-आर्द्रात आरंभ होतो आणि आषाढ-श्रावणात ती भरात असते. नर व मादी जोडीने काठाजवळचे, साधारणपणे गुडघाभर पाण्याचे, गवताळ आणि संथ ठिकाण निवडतात. तेथील गवत तोंडाने तोडून, शेपटीने बाजूला सारून ती थाळीएवढी गोल जागा मोकळी करतात. भोवती गवताचे कडे राहते. या वर्तुळात मादी अंडी घालते आणि नर ती फळवितो. अंडी खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठी, मधाच्या रंगाची असतात. प्रत्येकात तेलाचा थेंब असल्याने ती बुडत नाहीत, तर पृष्ठभागावर एका थरात तरंगतात. गवताचे कडे नसेल तर वाऱ्याने ती विखुरतात. घरटे करण्याचे प्रयोजन हेच होय. एका घरट्यात काही हजार अंडी असतात.

श्रावणातील कोमट पाण्यात एक ते दोन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेला जीव सुईच्या अग्राएवढा असून पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीमुळे तोही तरंगतच राहतो. तीन-चार दिवसांत बलक संपतो आणि पिल्ले पोहू व खाऊ लागतात. तेव्हापासून ती एकत्र थव्याने हिंडतात. पाण्यातील डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म प्राणी हे त्यांचे पहिले अन्न; काही दिवसांनी डासांच्या व इतर किड्यांच्या अळ्या. प्रारंभी त्यांचा श्वास इतर माशांप्रमाणेच पाण्यातून चालतो. डोक्यातील हवेच्या पोकळ्या तयार होऊ लागल्या, म्हणजे पिल्लू बोटाच्या एका पेराएवढे होऊ लागले की त्याला वारंवार वर यावे लागते. लेखाच्या आरंभी वर्णिलेली पाण्याची खळबळ ती हीच. शेकडो पिल्ले एकाच वेळी हवेचा घोट घेण्यास वर येतात, त्यावेळी बगळा, खंड्या व पाणसाप यांना ती स्पष्ट दिसतात.

मग नराची खरी परीक्षा सुरू होते. बहुधा तोच थव्याखाली राहतो, मादी जवळपास फिरते. दुसरा मासा, बेडूक, साप यांपैकी जे कोणी जवळ येईल त्यावर तो तुटून पडतो. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायालाही धडक देतो. या काळात त्याचे खाणे कमी होते. हा पहारा सुमारे महिनाभर चालतो. पिल्ले बोटाएवढी झाली की त्यांचा नारिंगी रंग मावळतो, अंगावर काळपट छटा येते, थवा विस्कटतो आणि प्रत्येक पिल्लू स्वतःचे दडण शोधते. आईबापही मग त्यांना ओळखत नाहीत.

डोकीचा प्रकार याहून नवलाचा आहे. तिचा नर अंडी व नवजात पिल्ले तोंडात धरूनच त्यांची राखण करतो. वाहत्या नाल्यात तरंगत्या अंड्यांचे घरटे टिकणे कठीण, हे लक्षात घेतल्यास ही सोय किती चपखल आहे ते समजते.

तात्पर्याने व्यवहार असा ठरतो : मृगापासून मघा निघेपर्यंत नारिंगी थव्याजवळचा मासा मारू नये. हा सुमारे पावणेतीन महिन्यांचा काळ होतो. तळे मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असेल तर संस्थेने आपल्या सभेत तसा ठराव करावा. गावतळे असेल तर ग्रामसभेत विषय मांडावा. या काळातही थवा नसलेल्या जागी जाळे टाकण्यास हरकत नाही, म्हणून मासेमारीवर पोट असलेल्या भोई व ढिवर कुटुंबांचे अन्न तुटत नाही. त्यांतील जुन्या माणसांना थवा आणि त्याचा राखणदार यांचे ज्ञान पुस्तकी माणसापेक्षा अधिक असते. त्यांच्याशी बोलूनच नियम ठरवावा. सुरुंगाची दारू अथवा विष घालून मासे मारणे हा तर १८९७ च्या मत्स्य अधिनियमापासून गुन्हा ठरलेला आहे.

संत्र्याच्या बागाइतदारांनी आणखी एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. कोळशीसाठी मृग बहाराच्या सुमारास, जुलै-ऑगस्टमध्ये जी फवारणी होते, तिचा काळ आणि पिल्लांच्या थव्यांचा काळ एकच. फवारणीचे पंप नाल्यात किंवा तळ्यात धुतल्यास पिल्ले मरतातच; त्यांच्याआधी त्यांचे अन्न असलेले सूक्ष्म प्राणी मरतात व वाचलेली पिल्ले उपाशी राहतात. पंप धुण्यासाठी पाण्यापासून दूर खड्डा करावा.

शेततळ्यातील शत्रू

रोहू, कटला व मृगळ यांचे संगोपन करणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार मात्र वेगळी असते. हजारांनी सोडलेले मत्स्यबीज दिवाळीत जाळे ओढल्यावर शेकड्यांनी निघते आणि सोबत दोन-तीन धष्टपुष्ट मरळी सापडतात. ही तक्रार खरी आहे. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले (त्याची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो), तेव्हापासून या माशांचे बीज गावोगाव मिळू लागले, आणि तळे तयार करताना मरळ प्रथम काढून टाकावी असा धडा सर्वत्र दिला गेला. संगोपनाच्या तळ्यापुरता तो योग्यच आहे. तोच धडा नदीच्या डोहाला आणि मोठ्या तलावाला लावणे चुकीचे होय.

मरळ काढावयाची तर उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवून गाळाला भेगा पडू देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. तसे शक्य नसल्यास मोहाची ढेप वापरावी. एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर पाणी यांस २,००० ते २,५०० किलो हे तिचे प्रमाण आहे. ८०० घनमीटर पाण्याच्या लहान शेततळ्यास याच हिशेबाने १६० ते २०० किलो लागते. ढेप रात्रभर भिजवून सर्वत्र सारखी पसरावी. तिच्यातील द्रव्य माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. इतर मासे प्रथम वर येतात, मरळ सर्वांत शेवटी; गाळात शिरलेली एखादी वाचतेही, म्हणून त्यानंतर जाळे अवश्य ओढावे. विष उतरण्यास सुमारे तीन आठवडे लागतात व पुढे ढेपेचे खत होते. विष उतरल्याची खात्री करण्यासाठी छोट्या जाळीत चार-दोन बोटुकली ठेवून पाहावी. वाहत्या नाल्यात किंवा गुरे पाणी पितात अशा तळ्यात ढेप टाकू नये.

मरळ पुन्हा येऊ नये यासाठी पाणी आत येण्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी आणि काठावर गुडघाभर उंचीचे जाळीचे कुंपण करावे. बीज घेताना ते पांढऱ्या भांड्यात ओतून पाहावे. कार्पच्या बीजात मरळीचे पिल्लू असल्यास रंगावरून व हवेसाठी वर येण्यावरून ओळखता येते. मत्स्यजिरे सोडण्याऐवजी १० सें.मी.ची बोटुकली सोडल्यास हानी पुष्कळ कमी होते. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात दडण नसल्याने मरळीला शिकार साधणे अवघड जाते, परंतु कोपऱ्यात शेवाळ वाढू दिले तर तेवढे तिला पुरते.

चिलापी माजलेल्या तळ्याची गोष्ट निराळी. तेथे चिलापी इतकी वितात की सगळीच खुरटी राहतात. अशा तळ्यात थोड्या मरळी असणे लाभाचे. त्या लहान चिलापी खातात, उरलेल्या वाढतात आणि दोन्हींचा पैसा येतो.

मरळ पाळणे

मरळीला काटे कमी, मांस घट्ट, आणि ती जिवंत विकता येते, त्यामुळे तिचे संगोपन करण्याकडे कल वाढत आहे. बीजासाठी काहीजण नैसर्गिक थवाच उचलून आणतात. तळे आटू लागले असून थवा मरणारच असेल तर ते क्षम्य, एरवी नव्हे. संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन मरळीचे प्रजनन करता येते; बीज शक्यतो अशा केंद्रातून घ्यावे व मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा. परप्रांतीय किंवा परदेशी जातीचे बीज आणू नये. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात २००२ मध्ये एका तळ्यात याच कुळातील चिनी जात आढळली, तेव्हा ती पसरू नये म्हणून सबंध तळ्यात विष घालावे लागले होते.

पाळणाऱ्याला सर्वांत मोठा तोटा भाऊबंदकीने होतो. एकाच थव्यातील पिल्ले सारखी वाढत नाहीत; थोडे पुढे गेलेले पिल्लू आपल्या निम्म्या लांबीच्या भावंडाला गिळते, त्यामुळे ते आणखी मोठे होते आणि गिळण्याचा वेग वाढतो. उपाय दोनच : पोटभर खाद्य आणि आठवड्याला प्रतवारी. वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून पिल्ले काढून मोठी, मधली व लहान निरनिराळ्या हौदांत ठेवावीत. आरंभी पाण्यातील सूक्ष्म प्राणी, मग बारीक केलेली सुकट व झिंगे, आणि त्यांतच हळूहळू तयार खाद्य मिसळून त्याची सवय लावावी. हौदाच्या तोंडावर जाळी ताणलेली असावी. मरळ उडी मारते. चांगले खाद्य मिळाल्यास आठ ते दहा महिन्यांत अर्धा ते पाऊण किलोचा मासा विक्रीस येतो.

हिवाळ्यात अंगावर तांबडे व्रण दिसतात का हे दर आठवड्याला पाहावे. १९८८ मध्ये ईशान्येकडून देशात शिरलेल्या व्रणरोगाने मरळींचा मोठा संहार केला. हा रोग बुरशीमुळे होतो आणि पाणी थंड झाल्यावर बळावतो. व्रण दिसताच रोगी मासे बाहेर काढून पुरावेत, त्या तळ्यातील जाळे व भांडी दुसरीकडे नेऊ नयेत, आणि विभागाच्या सल्ल्याने पाण्यात चुना द्यावा.